गवती चहा म्हणून लावलेला ऊस

परक्या देशात, परक्या माणसाच्या रानातला ऊस मी मोडून आणला, त्याची लागण केली आणि तो गवती चहा आहे असं सांगून सख्ख्या जावयाला त्याचा चहा पाजला. तेव्हा माझं वय बासष्ट होतं. आता सत्तरीला आल्यावर वाटतं, बासष्ट हे काय वय झालं? पोरबुद्धीच की. तर त्या पोरीची ही हकीकत.

गाव होतं केर्न्स. ऑस्ट्रेलियाच्या नकाशात वर उजवीकडे शिंगासारखं टोक निघतं, त्याच्या जरा खाली, समुद्राकाठी. मुलगी आणि जावई तिथं राहायला गेले होते. एका बाजूला समुद्रात प्रवाळ, दुसऱ्या बाजूला डोंगरावर बारमाही पावसाचं जंगल आणि मधे आमचं शहर, असं मुलीनं फोनवर सांगितलं होतं. मी ते आमच्या गावात, सगळ्या बेलापुरात सांगत फिरले. शहर आणि डोंगराच्या मधे आणखी काय आहे ते तिनं सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मधे ऊस होता.

विमान खाली यायला लागलं तसे खिडकीतून फड दिसले. शेजारची बाई बोट करून मला निळं पाणी दाखवत होती आणि मी काचेला नाक लावून उसाला तुरा आलाय का ते बघत होते. दोनदा विमान बदलून, गुडघे आखडून घेऊन एवढ्या लांब आले, ते काय परत बेलापुरातच उतरायला? मुलगी विमानतळावर गळ्यात पडली तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, "अगं, इथं तर ऊस हाय!"

"आई, मी इथं उसाचंच काम करते," ती म्हणाली. "तुला चार वेळा सांगितलंय."

मुलगी शेतकी शिकलेली. तिथं उसावरचे रोग तपासणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी मिळाली होती, पण चाचणीवर. काम पसंत पडलं तर पक्की करणार. पक्की झाली तर त्या देशात कायमचं राहायची वाट मोकळी, नाही झाली तर दोघांनी बाडबिस्तरा आवरून परत यायचं. जावई आमचे सावेडीतले. नगरमधली चांगली नोकरी सोडून ते बायकोमागं गेले होते आणि तिथं एका हॉटेलात पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देत होते. परत आलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे दोघांनाही माहीत होतं. मी गेले तेव्हा चाचणीचे शेवटचे महिने चालू होते. दहावीचं पोर असलेल्या घरात बोलतात तसं ते दोघं घरात बोलायचे, हळू आणि जपून.

"पण तू नेमकं काय करतीस?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"एका भागातल्या उसाचा रोग दुसऱ्या भागात जाऊ नये हे बघायचं. परवानगीशिवाय उसाची एक कांडीसुद्धा इकडची तिकडं हलू द्यायची नाही."

"बरं बरं," मी म्हणाले. मी तेव्हा तिच्या ओट्यावरचे डबे उघडून कशात काय आहे ते बघत होते. पण हे तिनं मला सांगितलं होतं, एवढं ध्यानात असू द्या.

शहर छान होतं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. समुद्रकाठानं चालायला लांबलचक रस्ता. गंमत अशी की समुद्र एवढा जवळ आणि त्यात कोणी उतरत नाही. काठाला चिखल, पाण्यात मगरी, तशा पाट्याच लावलेल्या. मग लोकांनी समुद्राच्या शेजारीच मोठा हौद बांधलाय आणि त्यात पोहतात. आमच्याकडं विहिरीशेजारी कोणी असा हौद बांधला असता तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. संध्याकाळी भर बाजारातल्या झाडांवरून वटवाघळं उठायची, हजारांनी. लोक खाली बसून आइस्क्रीम खात असायचे. मी एकटीच डोक्यावर पदर घेऊन.

पहिल्या सुट्टीला मला प्रवाळ दाखवायला नेलं. मोठी बोट, दोन तास समुद्रात आत. पाण्यात उतरणाऱ्यांना अंगाला चिकटून बसणारा निळा पोशाख देत होते. जीवजंतू डसू नयेत म्हणून. मी विचारलं, हा साडीवरून चढतो का? मुलीनं कपाळाला हात लावला. मग जावई पाण्यात उतरले आणि आम्ही मायलेकी तळाला काच असलेल्या छोट्या बोटीत बसलो. खाली बघते तर फ्लॉवरचे गड्डे मांडल्यासारखं काहीतरी, मधेच हरणाची शिंगं, मधेच पिवळेधमक मासे, एकाच वेळी सगळे वळायचे. माहिती सांगणारा मुलगा म्हणाला, हे दगड नाहीत, जिवंत आहेत, यातला तुकडाही कोणी उचलून न्यायचा नाही. मुलीनं मला मराठीत सांगितलं. मी मान डोलावून म्हणाले, "खरं हाय त्याचं. जिथलं तिथंच ऱ्हावं." म्हणजे अक्कल अजिबात नव्हती असं नाही. समुद्रापुरती होती.

जंगलातही तेच. तारेवरून लोंबणाऱ्या पाळण्यात बसून झाडांच्या डोक्यावरून गेलो, मग खाली उतरून लाकडी वाटेनं चाललो. ओल अशी की भिंतीसुद्धा हिरव्या. एका वेलीला गळासारखे काटे होते, तिनं माझा पदर धरला आणि सोडेना. जावयानं चार काटे बोटांत घेऊन तो सोडवला. एका झाडापाशी पाटी होती, पानाला हात लावू नका, आग महिनोन्‌महिने जात नाही. मी दोन्ही हात काखेत घालून पुढं गेले. कुठंही, कशालाही हात लावला नाही. एवढी शहाणी बाई घरी परत आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालायला बाहेर पडली.

त्यांच्या घराचा रस्ता संपतो तिथं ऊस सुरू होतो. मधे ना कुंपण, ना बांधावर काट्या. आपल्याकडं आषाढ होता आणि तिकडं कारखाने चालू होते. लांबवर एक मशीन ऊस तोडून त्याचे हातभर तुकडे करत होतं आणि ते तुकडे छोट्या आगगाडीच्या डब्यांत पडत होते. माणूस औषधाला नाही. आमच्याकडं तोडणीला पाथर्डीकडून टोळ्या येतात, खोप्या पडतात, पोरंबाळं, कुत्री, चुली, सगळा गलबला असतो. इथं एक माणूस काचेच्या खोलीत बसून अख्खा फड साफ करत होता. मी उभी राहून बघितलं. मग कडेचा एक ऊस पायाखाली घेतला आणि मोडला.

आमच्याकडं खाण्यापुरता ऊस मोडला तर कोणी हटकत नाही. मालक दिसलाच तर तोच म्हणतो, तो कशाला घेतला, तिकडचा घ्या, गोड हाय. मोळी बांधायला लागलं की मग शिव्या. हा कायदा तिथंही असणार, असं मी धरून चालले. तेव्हा दात होते. तिथंच बांधावर बसून सोलून खाल्ला. साल मऊ, कांडी लांब, रस असा की हनुवटीवरून ओघळला. आणि मला आमचे हे आठवले.

बेण्याचं वेड म्हणजे काय ते आमच्या घरी येऊन बघावं. बेणं म्हणजे लागणीसाठी ठेवलेल्या उसाच्या कांड्या. आमच्या भागात चांगलं नवं बेणं कोणाच्या तरी मळ्यातूनच येतं. मागून मिळालं तर मागून, नाही तर जाता येता दोन कांड्या धोतरात. पुढं त्याचं एकरभर झालं की ज्याचं आणलं त्यालाच दाखवायला बोलवायचं. यात चोरी कोणी मोजत नाही. हे मला बघायला आले तेव्हा माझ्याकडं एकदा बघितलं आणि नंतर सगळा वेळ माझ्या वडिलांच्या उसाकडं. लग्न ठरलं ते कशामुळं, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, यांना परदेशी बेणं न्यावं. रोगाचं काय, असं कोणी म्हणेल. तर काणी काय असते हे मला माहीत होतं. शेंड्यातून काळा चाबूक निघतो, हात लावला की काजळी उडते, ते बेट उपटून जाळावं लागतं. एका वर्षी आम्ही अख्खा तुकडा उपटला होता. पण काणी आपल्याकडं येते. इतक्या स्वच्छ देशात, जिथं रस्त्यावर कागद दिसत नाही, तिथं ती कशाला येईल? हा त्या बासष्टच्या पोरीचा विचार, जसा होता तसा सांगितला.

उरलेल्या उसाच्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्या केल्या, डोळा म्हणजे पेरावरचा कोंब, मुलीच्या स्वयंपाकघरातल्या सुरीनं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडं एक रिकामी कुंडी होती, तिच्यात पुरल्या. उगवतंय का ते तरी बघू म्हटलं. उगवलं. हिरवेगार पोंगे वर आले.

मुलगी उजाडता रानात जायची ते अंधार पडल्यावर यायची. अंगणाकडं बघायला तिला वेळ नव्हता. जावयाला होता.

"आई, हे काय लावलंय?"

"गवती चहा," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

सावेडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेला मुलगा, ऊस त्याला फक्त रसवंतीवर भेटलेला. तो खूश झाला. रोज पाणी घालायला लागला. एक दिवस कात्रीनं दोन पानं कापून, बोटाला कापून घेऊन, चहात टाकली.

"आई, याला वास कसा नाही?"

"इकडच्या मातीला न्हाई येत वास."

"मला थोडा येतोय," तो म्हणाला आणि कप संपवला. सासूचं मन राखायला पोरं काय काय करतात.

डोळे जिवंत आहेत हे कळल्यावर निघायच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा फडावर गेले. एक चांगला ऊस बघून त्याच्या टिपऱ्या केल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वरून प्लॅस्टिक आणि बॅगेत साड्यांच्या मधे ठेवल्या. रात्री फोनवर यांना म्हणाले, "तुमच्यासाठी एक वस्तू आणतेय."

"घड्याळ का?"

"घड्याळ घालून कुठं जाता तुमी? बांधावर?"

"मग काय गं?"

"आल्यावर बघा की."

निघायच्या आधीचा रविवार होता. जावई उशिरा उठून चहा करत होते. मुलीनं माझी बॅग खोलीतून बाहेर आणली, वजन केलं, वरच्या साड्या दाबून दारापाशी ठेवली आणि मग कपडे वाळत घालायला मागं गेली. दोरीपाशी ती थांबली ते मी खिडकीतून बघितलं. कपडे खाली ठेवले. वाकून एक पान मागं मोडलं, देठाशी बोट फिरवलं.

"आई, बाहेर ये."

गेले.

"हे काय आहे?"

"गवती चहा."

"आई, मी दिवसभर काय बघते?"

जावई कप घेऊन दारात आले आणि म्हणाले, "अगं, छान आहे तो. मी रोज पितो." तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी कप तिथंच पायरीवर ठेवला.

मग तिनं सगळं विचारलं. कुठून आणला, कधी, कशानं कापला. मी सांगत गेले, कुंडीतल्याचं. जावई म्हणाले, "उपटून काळ्या पिशवीत घालून टाकून देऊ. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली.

"तुझी चाचणी संपत आलीये. तुझ्याच घरात, तुझ्याच आईनं... काय होईल कळतंय का तुला? आपल्याला जावं लागेल परत."

"म्हणून तर लपवता येत नाही," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. मी म्हटलं, "बाई, मी जाऊन सांगते, चूक माझी हाय." ती म्हणाली, "कोणत्या भाषेत?" मग उठून तिनं तिच्या साहेबबाईंना फोन लावला.

बाई तासाभरात आल्या. उंच, पिकलेल्या केसांच्या, अर्ध्या चड्डीत आणि पोटरीपर्यंतच्या मोज्यांत. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हातमोजे घातले, कुंडी मातीसकट जाड पिशवीत घालून तोंड बांधलं. सुरी मागितली. माझ्या चपला मागितल्या, तळाला रानाची माती असणार म्हणून. त्याही पिशवीत गेल्या. मी सोफ्यावर अनवाणी, पाय साडीत ओढून घेऊन बसलेले. जावयानं खालच्या मानेनं कपबशाही पुढं केल्या. रोज उसाचा चहा प्यायल्याचं त्यांना फारच लागलं असावं. बाईंनी हातानंच नको म्हटलं.

मग बाई समोर बसल्या आणि प्रश्न विचारायला लागल्या. मुलगी मधे बसून त्यांचं मला मराठीत आणि माझं त्यांना इंग्रजीत सांगत होती. कोणत्या वाटेनं गेलीस, फडाच्या कोणत्या कोपऱ्यातून, चोयट्या कुठं थुंकल्या. शेवटी बाईंनी एक प्रश्न विचारला आणि मुलगी जरा थांबली. मग माझ्याकडं वळली.

"आई, त्या विचारतायत, आणखी कुठं काही आहे का. नीट विचार करून सांग. तू जे सांगशील ते मी जसंच्या तसं सांगणार आहे."

बॅग दारापाशी उभी होती. बाईंच्या खुर्चीपासून चार पावलांवर. 'नाही' म्हणणं सोपं होतं. 'नाही' म्हटलं की कुंडीवर भागणार होतं, एक वेडी म्हातारी, एक कुंडी, घरच्या मुलीनं स्वतः फोन करून कळवलेली. बॅग उघडली तर मात्र गोष्ट वेगळी. देशाबाहेर न्यायला बांधून ठेवलेलं बेणं, तेही त्यांच्याच माणसाच्या घरात. मुलीची नोकरी माझ्या जिभेवर होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, काही खूण मिळते का म्हणून. काही नव्हतं. ती आपली वाट बघत होती, परकं माणूस बघतं तशी.

खोटं बोलायला मला काही वाटत नाही, हे आतापर्यंत तुम्हाला कळलंच आहे. पण ते खोटं या खेपेला तिच्या तोंडून बाहेर पडणार होतं. तिला माहीत नसताना. मी उठले, बॅग आडवी केली, साड्या बाजूला सारल्या आणि गाठोडं काढून बाईंच्या पुढं ठेवलं.

"हाय," मी म्हणाले. "एवढंच. आता कुठं काय न्हाई."

मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं. जावई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मला फडावर नेलं, जागा दाखवायला. शेतकरीही आला होता, टोपी मागं सारून, कमरेवर हात ठेवून. मोडलेल्या उसाचं त्यानं काहीच विचारलं नाही. खाली बसून तो एकेका बेटाची पानं बाजूला करून बुडखे बघत राहिला. आमच्या तुकड्यात काणी आली होती त्या वर्षी आमचे हे असेच बसायचे. मला त्याच्यासमोर उभं राहवेना. मी मुलीला म्हटलं, त्याला सांग, माफ कर. तिनं सांगितलं. त्यानं टोपी नीट केली आणि मान हलवली.

तपासणीत रोग काही निघाला नाही. पण मुलीला रानातल्या कामावरून काढून कागदांपाशी बसवलं आणि चाचणी आणखी तीन महिने वाढवली. त्या शेवटच्या दिवसांत ती माझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलत होती. रागावून भांडली असती तर मी उलटं भांडले असते, तेवढं मला येतं. जावई मात्र हसायचा प्रयत्न करायचे. "आई, खरंच थोडा वास येत होता," एकदा म्हणाले. विमानतळावर जाताना माझ्या पायात मुलीचे बूट होते. एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, खाली बघत. मग विचारलं, "पोरीचं काय हुईल?" बेण्याचा शब्द काढला नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण किती वाईट आहे.

ते तीन महिने लई लांब होते. मी फोनवर नोकरीचं विचारत नसे आणि ती सांगत नसे. हवा कशी, पाऊस कसा, वटवाघळं कशी, एवढंच चालायचं. दिवाळीच्या तोंडावर मी चकलीची भाजणी दळून आणली होती आणि पहिला घाणा तेलात सोडला तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. इकडचं तिकडचं काही नाही, एका दमात बोलली.

"आई, मी पक्की झाले. आणि एक सांगायचंय, मधे बोलू नकोस. बॅगेतलं गाठोडं मला त्या दिवशी सकाळी वजन करतानाच लागलं होतं हाताला. कुंडी बघितल्यावर ते काय आहे ते कळलं. बाईंना फोनवर मी फक्त कुंडीचं सांगितलं. नंतर त्या समोर बसून विचारत होत्या तेव्हा तू 'काही नाही' म्हणाली असतीस, तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही माहीत नाही."